घरी आल्यावर व्हीएमचं नेट का बंद पडतं? स्टॅटिक आयपीने घेतलेली एक रात्र

हलक्या धानाच्या कापणीला मी घरी, मोहाडीला आले, तेव्हा सगळं काम लॅपटॉपमध्ये सोबत आणलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. माझा विषय माजी मालगुजारी तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, ज्यांची मालकी १९५० च्या कायद्याने मालगुजारांकडून सरकारकडे गेली. उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांतलं पाणी पावसाळ्यानंतर कसं ओसरतं ते मी मोजते. चित्रं सेंटिनेल-२ ची. एक ठिपका १० मीटरचा, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी तोच भाग पुन्हा दिसतो. चित्रं उतरवणं, कापणं, पाणी ओळखणं आणि आकडे डेटाबेसमध्ये टाकणं हे सगळं एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत सरांना सुधारित आकडे पाठवायचे होते, कारण त्याच दुपारी ते सल्लागार समितीपुढे ठेवायचे होते. त्यासाठी फक्त २ चित्रं उतरवायची राहिली होती. रात्री जेवून बसले, फोनचा हॉटस्पॉट चालू केला, व्हीएम उघडली. लॅपटॉपवर नेट होतं, व्हीएममध्ये नव्हतं.

पुढचे पाच तास मी जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय.

आधी ज्यांनी व्हीएम वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं. व्हीएम म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात उबुंटू सर्व्हर चालतो. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. गेस्टला स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं, पण ते खोटं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेलं. ते बाहेरच्या जगाशी कसं जोडायचं हे व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ठरतं, आणि त्या कार्डाला पत्ता कोणता हे गेस्टच्या आत ठरतं. या दोन वेगवेगळ्या जागा आहेत. माझ्या रात्रीचा अर्धा घोळ या दोन जागांमधलाच होता.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.

प्रयोगशाळेत माझ्या व्हीएमला स्टॅटिक म्हणजे कायमचा पत्ता दिलेला होता, १९२.१६८.१.५०. कारण साधं होतं. माझ्या डेटाबेसमधून आणखी दोघं आपापल्या टेबलावरून आकडे घेतात, आणि पत्ता रोज बदलला तर त्यांना रोज विचारत बसावं लागेल. कार्ड ब्रिज्ड पद्धतीने जोडलेलं, म्हणजे व्हीएम थेट प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर बसल्यासारखी. गेटवे १९२.१६८.१.१, आणि नावं शोधून देणारा डीएनएस सर्व्हर आतलाच. सहा महिने काही त्रास नाही. सहा महिने त्रास नसला की आपण ती गोष्ट विसरतो, आणि विसरलेली गोष्टच मग नडते.

तर ती रात्र. पिंग केलं, उत्तर आलं: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. मी तो संदेश वाचलाच नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचला, पण मनात फक्त "चालत नाही" एवढंच उमटलं. मग सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर ब्रिज केबलच्या कार्डावर होता आणि घरी तर केबलच नाही. तो वाय-फाय कार्डावर आणला. तरी नाही. मग ब्रिज्डचं नॅट केलं. तरी नाही. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकला. तरी नाही. फायरवॉल बंद केली. (ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू करायची मी विसरले होते, हेही सांगून ठेवते.) मग परत ब्रिज्ड केलं, लॅपटॉपला हॉटस्पॉटने कोणता पत्ता दिलाय ते पाहिलं आणि व्हीएमचा पत्ता त्याच पट्ट्यातला केला. लॅपटॉप १९२.१६८.२१२ च्या पट्ट्यात होता, म्हणून व्हीएमला १९२.१६८.२१२.५० दिला आणि गेटवे म्हणून फोनचा पत्ता.

चाललं! पिंग परत येऊ लागलं. चित्र उतरवायला लावलं आणि पाणी प्यायला उठले.

परत येऊन पाहते तर फोनची बॅटरी संपून फोन बंद. चार्जरला लावला, चालू केला, हॉटस्पॉट सुरू केला. लॅपटॉपवर नेट आलं. व्हीएममध्ये पुन्हा शुकशुकाट.

इथे मी जी चूक केली ती नेटवर्कची नव्हती, संशोधनाची होती. मी म्हटलं, "म्हणजे पत्त्याचा प्रश्न नव्हताच. मघाशी उगाच चाललं." आणि बरोबर असलेलं उत्तर मी स्वतःच्या हाताने खोडून टाकलं. मग फायरवॉल, मग व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, मग विंडोजचं अँटिव्हायरस. एक वाजता आई उठली. "काहून बाई, झोपली नाही काय अजून?" मी म्हटलं, नेट येत नाही. "मंग सकाळी येईल ना," म्हणाली आणि झोपली. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्या रात्री दिलेला तो एकमेव शहाणा सल्ला होता.

सकाळी पाच वाजता वही काढली. पहिल्या ओळीत लॅपटॉपचा आत्ताचा पत्ता लिहिला. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग या आज्ञेने तो दिसतो. रात्री तो २१२ च्या पट्ट्यात होता. आता तिसरा आकडा वेगळाच होता! फोन रीस्टार्ट केला, पुन्हा पाहिलं. पुन्हा वेगळा.

जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा बहुतेक वेळा ठरलेला असायचा, १९२.१६८.४३ चा. इंटरनेटवरच्या कितीतरी जुन्या मार्गदर्शनांत तोच आकडा दिसेल. अँड्रॉइड ११ पासून फोन हा पट्टा स्वतःच निवडतो आणि तो बदलत राहतो. काही फोनमध्ये हॉटस्पॉट बंद-चालू केला की बदलतो, काहींमध्ये फोन रीस्टार्ट केल्यावर. आयफोनचा मात्र अजून ठरलेला आहे, १७२.२०.१० चा, आणि तोही एवढा लहान की सगळी मिळून १४ च उपकरणं बसतात. तिथे शेवटचा आकडा ५० दिलात तर तुम्ही त्या पट्ट्याच्या बाहेर पडलात.

म्हणजे रात्री माझं उत्तर बरोबरच होतं. फोन बंद पडून चालू झाला तेव्हा प्रश्न बदलला, आणि तो बदलला हे मला दिसलं नाही.

गट नंबर, शीव आणि वेस

स्टॅटिक पत्ता या शब्दानेच घोटाळा होतो. आपल्याला वाटतं पत्ता मशीनचा आहे, मशीन जिथे जाईल तिथे सोबत येईल. तसं नसतं. आयपी पत्ता शेताच्या गट नंबरासारखा आहे. सातबाऱ्यावर गट नंबर लिहिलेला असतो, पण तो त्या गावापुरताच खरा. मोहाडीतला गट नंबर घेऊन तुम्ही आंधळगावच्या तलाठ्यापुढे उभे राहिलात तर एक तर तो म्हणेल असा नंबर आमच्याकडे नाही, नाही तर त्या नंबरचं दुसऱ्याच कोणाचं तरी शेत निघेल. दोन्ही प्रकार नेटवर्कमध्ये होतात, आणि दुसरा जास्त वाईट. त्यावर शेवटी येते.

पत्त्यामागे /२४ असं जे लिहितात तो मास्क. तो गावाची शीव सांगतो. /२४ म्हणजे पहिले तीन आकडे गावाचे, शेवटचा घराचा. एखादा पत्ता शिवेच्या आत असेल तर मशीन सरळ त्या घराला हाक मारते. बाहेरचा असेल तर पाकीट गेटवेकडे, म्हणजे वेशीवर नेऊन देते, पुढचं त्याने पाहावं. म्हणून वेस ही गावाच्या शिवेतच असावी लागते. व्हीएमचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि गेटवे भलत्याच पट्ट्यातला दिलात, तर मशीनला वेशीपर्यंतसुद्धा पोहोचता येत नाही.

हे १९२.१६८ चे पत्ते घराघरांत तेच ते का दिसतात? कारण १९९६ च्या एका मानकाने, ज्याला आरएफसी १९१८ म्हणतात, तीन पट्टे खाजगी वापरासाठी सोडून दिले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ चा, आणि १९२.१६८ चा. कोणीही वापरावे, कोणाला विचारायला नको. त्यामुळे तुमच्या प्रयोगशाळेतही १९२.१६८.१.१ असतो आणि शेजाऱ्याच्या राउटरलाही तोच. आकडा सारखा आहे म्हणून गाव तेच, असं समजू नका.

संदेश वाचायला शिका

मी रात्री सगळ्यांत मोठी चूक कोणती केली असं विचाराल तर ही: संदेश न वाचता हात चालवले. नेटवर्क बंद असणं हा एकच आजार नाही. पिंग तुम्हाला चार वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतं, आणि चारींचा अर्थ चार ठिकाणी बोट दाखवतो.

"नेटवर्क इज अनरीचेबल" आलं तर पाकीट तुमच्या मशीनच्या बाहेर पडलंच नाही. मशीनला कोणत्या रस्त्याने पाठवायचं हेच माहीत नाही. म्हणजे गेटवे दिलेला नाही, किंवा कार्डच बंद आहे. बाहेर काही शोधू नका, दोष आतच आहे.

"डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" हे मला आलं होतं, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला संदेश कोणाकडून आला तो पत्ताही असतो. माझ्या ओळीत माझ्याच व्हीएमचा पत्ता होता. याचा अर्थ असा की मशीनने रस्ता ठरवला, वेशीच्या दिशेने हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही. ही हाक मारण्याची पद्धत म्हणजे एआरपी, १९८२ पासूनची. ती सगळ्यांना विचारते, "हा पत्ता कोणाचा?" आणि ज्याचा असेल तो आपल्या कार्डाचा क्रमांक सांगतो. माझ्या बाबतीत व्हीएम मोहाडीतल्या खोलीत बसून प्रयोगशाळेतल्या राउटरला हाका मारत होती. तो कुठून ऐकणार? आयपी नेबर ही आज्ञा दिली की या हाकांचा हिशेब दिसतो. गेटवेसमोर रीचेबल किंवा स्टेल असेल तर ठीक, फेल्ड किंवा इनकम्प्लीट असेल तर ओ आली नाही.

तिसरा प्रकार म्हणजे नुसती शांतता. संदेश काहीच नाही, शेवटी १०० टक्के पाकिटं हरवली एवढंच. पाकीट गेलं, परत आलं नाही. हे सगळ्यांत फसवं. पुढचा रस्ता तुटलेला असू शकतो, उत्तर परत यायचा रस्ता नसू शकतो, किंवा समोरच्याने पिंगला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं असू शकतं. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेलं पिंग बऱ्याचदा गिळून टाकते. म्हणून व्हीएममधून स्वतःच्या लॅपटॉपला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, तर त्यावरून जोडणी नाही असा निष्कर्ष काढू नका. पिंगला उत्तर मिळालं तर ते पुरावा आहे, न मिळणं हा नेहमी पुरावा नसतो. संशोधनात हे वाक्य तुम्हाला वेगळ्या शब्दांत पुन्हा भेटेल.

चौथा, "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन". इथे रस्ता बहुधा ठीक आहे, फक्त नावाचा आकडा करून देणारा सापडत नाही. तपासायला सोपं: ८.८.८.८ ला पिंग करा. ते चाललं आणि संकेतस्थळाच्या नावाने नाही चाललं, तर दोष डीएनएसचा. प्रयोगशाळेतला आतला डीएनएस सर्व्हर तुमच्या घरून दिसणार नाही, त्यामुळे पत्ता दुरुस्त केला तरी पुढे हे येतंच. मी रात्री कारण न कळता ८.८.८.८ टाकला होता म्हणून मला ते दिसलं नाही. चुकून बरोबर झालेली गोष्ट.

या चारांत न बसणारा एक पाचवा पाहुणाही आहे. पिंग चालतं, नावं चालतात, पण चित्र उतरवायला गेलं की प्रमाणपत्राची चूक येते. लॅपटॉपचं झाकण लावून व्हीएम तशीच झोपवली असेल तर तिचं घड्याळ मागे राहू शकतं, आणि मग तिला समोरच्याचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं वाटतं. डेट ही आज्ञा द्या, एका सेकंदात कळतं. माझ्या एका मैत्रिणीने याच्यापायी अख्खा दिवस घालवला.

आतून बाहेर

क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो आतून बाहेर जातो. आधी होस्टवर नेट आहे का ते बघा. हसू नका, बघा. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये कार्ड कोणत्या पद्धतीने आणि कशाला जोडलंय, आणि "केबल कनेक्टेड" ची खूण आहे का. गेस्टला आतून केबल जोडलेली दिसली तरी ती पलीकडे कशात खोचली आहे हे तिला कळत नाही.

मग गेस्टच्या आत. आयपी लिंक दिलं की कार्डाचं नाव दिसतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिलं कार्ड सहसा ईएनपी०एस३ असतं, दुसरं ईएनपी०एस८. व्हीएम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की हे नाव बदलतं, आणि पत्ता मात्र जुन्याच नावाच्या कार्डाला बांधलेला राहतो. मग पत्ता आहे, कार्ड आहे, पण दोघांची गाठ नाही. आयपी ॲड्रेस दिलं की पत्ता आणि मास्क दिसतो, आयपी राउट दिलं की वेस दिसते. राउटच्या उत्तरात डीफॉल्ट या शब्दाने सुरू होणारी ओळ किती वेळा आहे ते मोजा. एकही नसेल तर बाहेरचा रस्ताच नाही. दोन असतील तर पाकिटं चुकीच्या वेशीकडे जात असू शकतात, आणि तेव्हा सगळं कधी चालतं, कधी नाही. त्यानंतर गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला, मग नावाने. जिथे पहिल्यांदा अडलं तिथे थांबा. त्याच्या पुढचं काहीही तपासायची गरज नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी रात्री ब्रिज्डचं नॅट केलं तेव्हा दिशा अगदी बरोबर होती. नॅट घरच्या हॉटस्पॉटवर चालायलाच हवं होतं. पण आतला स्टॅटिक पत्ता तसाच ठेवला होता. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचं स्वतःचं एक छोटं गाव असतं, पट्टा १०.०.२ चा. त्यात गेस्टला १०.०.२.१५ मिळतो, वेस १०.०.२.२ आणि डीएनएस १०.०.२.३. या गावात माझी व्हीएम १९२.१६८.१.५० असं नाव सांगत फिरत होती. बाहेरची जागा बदलली, आतली नाही. नॅट चालत नाही असं मी ठरवून टाकलं, खरं तर मी नॅट तपासलंच नव्हतं.

पत्ता बदलायची जागा उबुंटूमध्ये नेटप्लॅनची फाईल. ती इंडेंटेशनवर चालते, टॅब चालत नाही, फक्त स्पेस. जुनी मार्गदर्शनं गेटवे४ नावाची ओळ टाकायला सांगतात. ती पद्धत आता जुनी झाली आहे, तिच्याऐवजी राउट्सखाली डीफॉल्ट रस्ता लिहायचा. फोल्डरमध्ये आणखी एखादी फाईल आहे का तेही बघा, कारण सगळ्या वाचल्या जातात आणि तुम्ही बदललेली फाईल एकटी नसते. आणि नेटप्लॅन अप्लायऐवजी आधी नेटप्लॅन ट्राय करा. तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. दूरच्या मशीनवर काम करताना ही आज्ञा माहीत नसेल तर स्वतःच्याच हाताने स्वतःला बाहेर कोंडून घ्याल.

मग कायमचा उपाय काय?

स्वतःला विचारा, स्थिर पत्ता मला कोणासाठी हवा आहे? घरी असताना फक्त माझ्या लॅपटॉपवरून व्हीएममध्ये शिरायला हवा होता. इंटरनेटवर जायला स्थिर पत्ता अजिबात लागत नाही. या दोन गरजा मी एकाच कार्डावर लादल्या होत्या.

म्हणून आता व्हीएमला दोन कार्डं आहेत. पहिलं नॅट, त्याला पत्ता आपोआप मिळू द्यायचा. नॅटमध्ये व्हीएमची पाकिटं लॅपटॉपच्याच नावाने बाहेर जातात, त्यामुळे लॅपटॉपला नेट असलं की व्हीएमला असतं. हॉटस्पॉटने पट्टा शंभरदा बदलला तरी फरक पडत नाही. दुसरं कार्ड होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि व्हीएम यांच्यातली गल्ली. तिचा पट्टा व्हर्च्युअलबॉक्समध्ये मुळातच १९२.१६८.५६ चा, लॅपटॉप १९२.१६८.५६.१. तिथे मी व्हीएमला १९२.१६८.५६.१० हा स्टॅटिक पत्ता दिला. १० का, तर आपोआप वाटले जाणारे पत्ते तिथे १०१ पासून पुढे असतात, त्यांच्याशी टक्कर नको. या दुसऱ्या कार्डाला गेटवे द्यायचा नाही. ही गल्ली बंद आहे, पुढे कुठेच जात नाही. सवयीने गेटवे टाकलात तर मघाशी सांगितलेल्या दोन डीफॉल्ट ओळी तयार होतील, आणि मग पुन्हा रात्र जाईल.

हा स्टॅटिक पत्ता मात्र खरोखर स्थिर आहे, कारण तो ज्या गावाचा आहे ते गाव लॅपटॉपच्याच पोटात आहे. मोहाडीला या, पुण्याला जा, रेल्वेत बसा.

एक गोष्ट यातून जमत नाही. प्रयोगशाळेतल्या मित्राने विचारलं, "तू गावाला असताना आम्ही तुझ्या डेटाबेसमध्ये येऊ शकतो का?" सरळ येता येत नाही. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एक बाहेरचा पत्ता वापरतात, त्यासाठी २०१२ पासून १००.६४ ने सुरू होणारा वेगळा पट्टाच राखून ठेवला आहे. फोनच्या मागे लॅपटॉप, लॅपटॉपच्या मागे व्हीएम, आणि फोनच्या पुढे कंपनीचं नॅट. बाहेरून आत यायला दारच नाही. तिघांना लागणारा डेटाबेस एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ठेवणं हेच मुळात चुकीचं होतं. तो आता विभागाच्या सर्व्हरवर गेला आहे.

सकाळी साडेसहाला दोन कार्डांची मांडणी झाली. सातला पहिलं चित्र उतरलं. दुसरं उतरल्यावर पाहिलं तर तुमसरपासून वैनगंगेपर्यंत पांढरे ढग! एकही तलाव दिसत नव्हता. रात्रभर ज्याच्यामागे लागले होते ते निम्मं काम असंच गेलं. एका चित्राचे आकडे काढून, दुसरं का वगळलं याची एक ओळ लिहून, ९:४० ला सरांना पाठवलं.

आठवड्याने प्रयोगशाळेत परतले. तिथे तिसरं कार्ड ब्रिज्ड करून जुना १९२.१६८.१.५० द्यायचं ठरवलं होतं. पत्ता दिला, चाललं, दहा मिनिटांनी तुटलं, पुन्हा चाललं. आता मी वही आधी उघडली. कधी चालतं, कधी नाही, म्हणजे त्याच गट नंबरवर दुसरं कोणी तरी आहे. व्हीएम बंद केली आणि शेजारच्या मशीनवरून १९२.१६८.१.५० ला पिंग केलं. उत्तर आलं. माझी व्हीएम बंद असताना तो पत्ता कोण सांगत होतं? मी नसताना आलेल्या नव्या प्रिंटरला कोणी तरी तोच पत्ता हाताने दिला होता. त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण तो माझा आहे हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

आता माझ्या व्हीएमच्या कार्डाचा क्रमांक राउटरमध्ये नोंदवला आहे आणि पत्ता राउटरच देतो, दर वेळी तोच. व्हीएमच्या आत काहीही हाताने लिहिलेलं नाही. आणि प्रिंटरच्या वर, भिंतीवर, एक कागद चिकटवला आहे: कोणता पत्ता, कोणाचा, कधीपासून. त्यावर पहिली ओळ प्रिंटरची आहे.